खोक्याच्या लाकडाची गिटार

ताई खोक्यांच्या कारखान्यात लागली तेव्हा तिचा धाकटा भाऊ अजून बुटाच्या नाड्या बांधायला शिकत होता. वडील गेले होते, आईनं अंथरूण धरलं होतं, आणि घरात कमावतं असं कुणी उरलं नव्हतं. कारखाना म्हणजे पत्र्याचं छप्पर असलेली एक लांबलचक शेड. तिथे यंत्रांसाठी, पंपांसाठी, काचेच्या सामानासाठी लाकडी खोकी बांधत. ताईला पहिलं काम मिळालं ते भुसा झाडायचं. एकदा खिळे ठोकणारा गडी आजारी पडला, माल न्यायला गाडी दारात येऊन उभी, तेव्हा मालकांनी नाइलाजानं हातोडी तिच्या हातात दिली. ती परत घ्यायचं पुढे त्यांच्या लक्षातच राहिलं नाही.

हळूहळू ती खोकी नुसती ठोकायलाच नाही, तर आखायलाही लागली. फळी किती जाड घ्यायची, आडवी पट्टी कुठे मारायची, यंत्राचे पाय जिथे टेकणार तिथे कठीण लाकडाचा ठोकळा कसा बसवायचा, सगळं तिच्या बोटांवर. खोकं हलकं हवं, कारण वाहतुकीत वजनच मोजतात. आणि मजबूतही हवं, कारण हमाल काही फुलांची परडी उचलल्यासारखं ते उचलत नाहीत.

"दणकट तर कुणीही करील," ती नव्या माणसाला सांगायची. "ढीगभर लाकूड घातलं की झालं. कमी लाकडात दणकट करायला डोकं लागतं."

एकदा एका संग्रहालयातलं पेंढा भरलेलं अस्वल दुसऱ्या शहरात पाठवायचं होतं. ताईनं त्याच्या अंगाबरहुकूम खोकं केलं. अस्वल मुक्कामाला पोचलं तेव्हा त्याच्या कानावरचा केससुद्धा वाकडा झाला नव्हता. त्यानंतर बरेच दिवस कारखान्यात तिला अस्वलाची ताई म्हणत. तिनं ते मनावर घेतलं नाही. लग्नाचं कुणी काढलं तर म्हणायची, "अस्वलाच्या मापाचं झालं, माझ्या मापाचा अजून कुणी घडवलेला नाही." आणि विषय तिथेच संपायचा.

धाकट्यानं शिकावं, टेबलखुर्चीची नोकरी धरावी, अशी तिची इच्छा होती. पण त्याच्या डोक्यात गिटार शिरली ती शिरलीच. ताईनं आकाशपाताळ एक केलं. "तारा खाजवून कुणाचं पोट भरलंय?" तिनं विचारलं. त्याचं भरलं, अगदी तुडुंब नाही, पण भरलं. तो एका ऑर्केस्ट्रात लागला, सभागृहांतून, हॉटेलांतून वाजवू लागला, लग्न केलं. बायको दवाखान्यात नोंदणीच्या खिडकीवर बसायची, त्यामुळे महिन्याचं गणित जुळायचं. ताईनं हात टेकले. मात्र त्याच्या कार्यक्रमाला ती कधी गेली नाही. तिला त्या वाद्यातलं काही कळत नव्हतं, आणि न कळणाऱ्या गोष्टीला मान डोलावणं तिच्या स्वभावात नव्हतं.

धाकट्याची गिटार काळपट, कठीण लाकडाची होती, तोंड दिसेल इतकी चकचकीत. तिला तो राणीसाहेब म्हणायचा. राणीसाहेबांचं वजन सिमेंटच्या अर्ध्या पिशवीइतकं आहे, असं त्याची बायको म्हणायची. ती अतिशयोक्ती झाली, पण पट्टा खांद्यावर घेऊन रात्रीचा कार्यक्रम उभ्यानं वाजवायचा, आणि तोही वर्षानुवर्षं, म्हणजे खांद्याची परीक्षाच. पन्नाशीला टेकल्यावर तो खांदा बोलू लागला. आधी नुसता ठणका. मग डाव्या हाताला मुंग्या. आणि एका कार्यक्रमात, गाणं ऐन रंगात असताना, डाव्या हाताची बोटं तारांवरून सरळ घसरली. लोकांना वाटलं, ती मुद्दामच घेतलेली जागा आहे. काहींनी टाळ्याही वाजवल्या.

डॉक्टरांनी फोटो काढून पाहिले. मानेच्या मणक्यात शीर दबत होती. व्यायाम सांगितले, गोळ्या दिल्या, आणि डाव्या खांद्यावर वजन घ्यायचं नाही अशी ताकीद दिली.

"बसून वाजव," ऑर्केस्ट्राचे प्रमुख म्हणाले.

धाकट्यानं बसूनही पाहिलं. गिटारचं वजन मांडीवर आलं तरी ती सावरायला खांदा वर जायचाच, आणि मुंग्या सुरू व्हायच्या. शेवटी प्रमुखांनी दुसरा वादक घेतला. राणीसाहेब भिंतीवर खुंटीला लागल्या आणि धाकटा खिडकीत.

काही दिवसांनी भावजय कारखान्याच्या दारात येऊन उभी राहिली. ताईनं हातातली करवत खाली ठेवली.

"वन्सं, तुम्ही तरी काहीतरी सांगा त्यांना," ती म्हणाली. "नळ गळला तरी माझ्यावर राग, नळ दुरुस्त केला तरी माझ्यावर राग. वड्याचं तेल वांग्यावर किती काढायचं माणसानं? काल तर शेजाऱ्यांच्या रेडिओवर गिटार वाजली म्हणून खिडकी आपटून लावली. काच गेली."

"काच मी बसवून देते."

"काचेचं नाही हो मी म्हणत."

ताई त्याच रविवारी त्यांच्याकडे गेली. काच बसवली. धाकट्यानं चहाही पाठमोऱ्यानंच घेतला. ताईनं भिंतीवरची गिटार उतरवली. इतकी वर्षं ती घरात होती, पण ताईनं तिला हात असा कधी लावलाच नव्हता. तिनं ती तळहातांवर तोलली, उलटी केली, टिचकी मारली, बाजूनं डोळा लावून पाहिली.

"ही पोकळ नाही?"

"इलेक्ट्रिक आहे ती," धाकटा खिडकीतूनच म्हणाला. "पोकळ नसते. तारांचा कंप या चुंबकाच्या पट्ट्या पकडतात आणि आवाज तिकडे डब्यातून येतो."

"म्हणजे मधली ही नुसती फळी?"

"फळी!" धाकटा गर्रकन वळला. "ताई, फळी काय म्हणतेस? लाकूड आहे ते. जुनं, कठीण, मुरलेलं लाकूड."

"फळीच की. मग हलक्या लाकडाची का करत नाहीत?"

"हलक्या म्हणजे?"

"आमच्या खोक्यांचं असतं तसलं. पाईन."

तो हसला, पण ते हसणं चांगलं नव्हतं. "कर. मग तिच्यावर 'ही बाजू वर' असंही लिही."

निघताना ताईनं राणीसाहेबांची आकृती जुन्या पुठ्ठ्यावर उतरवून घेतली. भावजयीनं पेन्सिल दिली.

कारखान्याच्या पोटमाळ्यावर एक जुनं खोकं मोडून ठेवलेलं होतं. कुठल्याशा लांबच्या देशातून छपाईचं यंत्र त्यातून आलं होतं, आणि त्या फळ्या ताईनं कधी वापरू दिल्या नव्हत्या. त्यातली राळ केव्हाच सुकली होती, रेषा सरळ आणि दाट होत्या, आणि वर्षानुवर्षं तापल्या छपराखाली राहून लाकूड अगदी कोरडं ठणठणीत झालं होतं. ताईनं त्यातल्या दोन फळ्या निवडल्या, कडा रंध्यानं साफ केल्या, सरस लावून एकमेकींना चिकटवल्या आणि क्लॅम्प आवळले. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत आकार कापला. गडी येऊन पाहून जायचे. मालकही आले.

"हे काय? कुणाचं खोकं?"

"आमच्या धाकट्याचं," ताई म्हणाली. मालक मान हलवत निघून गेले.

गिटारची मान, म्हणजे जिच्यावर बोटं फिरतात तो लांब दांडा, करणं ताईच्या आवाक्याबाहेरचं होतं. ती कारखान्याच्या कोपऱ्यावरच्या रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात गेली. दुकानदाराला सगळे रेडिओकाका म्हणायचे. त्यांच्याकडे रेडिओ, स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि लोकांनी परत न नेलेल्या शंभर वस्तू होत्या. त्यांनी ढिगाऱ्यात हात घालून एक गिटार ओढून काढली. तिच्या अंगाचे दोन तुकडे झाले होते, पण मान शाबूत होती.

"हिच्यावर एक जाडा माणूस बसला," काका म्हणाले. "गिटार मोडली, माणूस पळाला. तुम्ही न्या."

मान आली, चुंबकाच्या पट्ट्या आल्या, तारा अडकवायचा पत्र्याचा ब्रिज आला. आतल्या विजेच्या तारांची जोडणी काकांनी करून दिली. सगळं स्क्रूंनी बसवून, रजईत गुंडाळून ताई ती गिटार घेऊन भावाच्या घरी गेली.

धाकट्यानं रजई उघडली. गिटार पांढरट होती, पॉलिश न केलेली. त्यानं एका हातानं ती उचलली. त्याच्या भुवया वर गेल्या.

"ही आहे की नाही हातात?" तो म्हणाला.

भावजयीनं पट्टा आणला. त्यानं तो खांद्यावर घेतला, हात सोडला, आणि गिटारचं डोकं धपकन खाली गेलं. अंग हलकं, मान जड. तराजूच्या एका पारड्यात काही नाही आणि दुसऱ्यात शेरभर, तसं झालं. ती धरून ठेवायला त्याला डाव्याच हातानं मान वर उचलावी लागत होती, आणि नेमक्या त्याच हाताला विश्रांती हवी होती.

"हिनं तर मान टाकली," धाकटा म्हणाला. "वाजवायच्या आधीच गेली."

"सूर तर लाव," ताई म्हणाली.

तो खुंट्या पिळू लागला. तारा ताठ होत गेल्या. जाड तार झाली, मधल्या झाल्या. शेवटच्या तारेला तो पीळ देत होता तेवढ्यात करकर आवाज झाला आणि ब्रिज स्क्रूंसकट उपटून वर आला. मऊ लाकडानं स्क्रू सोडून दिले होते. सगळ्या तारा एकदम ढिल्या पडून लोंबू लागल्या.

धाकटा हसत सुटला. कित्येक महिन्यांत तो असा हसला नव्हता. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसला, मान दुखली तरी हसला, आणि त्या भरात बोलून गेला, "ताई, खोक्यात साबण भरतात गं. सूर नाही भरत."

ताईनं गिटार त्याच्या हातातून घेतली. रजईत नीट गुंडाळली. चपला घातल्या आणि जिना उतरली.

"उचलली जीभ लावली टाळ्याला!" तिच्यामागे भावजयीचा आवाज जिन्यात ऐकू आला. "तुमच्या शाळेची फी कुठल्या खोक्यातून आली होती, ते आठवा जरा!"

ताईनं गिटार कारखान्यात नेऊन फळ्यांच्या मागे उभी केली आणि पुढचा सबंध आठवडा तिच्याकडे पाहिलं नाही. तिला साबणाचं लागलं होतं, हे खरं. पण त्याहून जास्त लागलं होतं ते ब्रिजचं. यंत्राच्या पायाखाली ठोकळा घालायचा, हे ती रोज लोकांना शिकवत होती. मऊ लाकडात ताण येणार तिथे कठीण लाकूड भरायचं, ही तर पहिल्या इयत्तेची गोष्ट. आणि स्वतः करायची वेळ आली तेव्हा तिनं सरळ फळीत स्क्रू पिळले होते. वाद्य म्हटल्यावर आपली अक्कल तिथे चालणार नाही, असं तिनं आपलं आपणच ठरवून टाकलं होतं.

शनिवारी दुपारी धाकटा कारखान्यात आला. लहानपणी डबा द्यायला यायचा, त्यानंतर तो या दारातून आत आला नव्हता. भुशाचा वास, करवतीचा आवाज, सगळं तेच. ताई एका खोक्याची आखणी करत होती.

"ताई."

"बोल."

"मान का पडते ते मला कळलं." त्यानं खिशातून एक कागद काढला. त्यावर गिटारचं चित्र होतं. "पट्ट्याची खुंटी फार मागे आहे. अंगाचं हे वरचं टोक, शिंग म्हणतात त्याला, ते लांब करायला हवं, इथपर्यंत. म्हणजे ती खांद्याला पुढून धरील. आणि तारा पिळायच्या खुंट्या जड आहेत, त्या हलक्या घालू. मी आरशासमोर झाडू गळ्यात अडकवून पाहिलं. बायकोला वाटलं, माझं डोकं फिरलं."

ताईनं कागद घेतला. बराच वेळ पाहत राहिली.

"ब्रिजखाली कठीण लाकडाचा ठोकळा घालते," ती म्हणाली. "आरपार. मान जोडायची तिथेही. जिन्याच्या जुन्या कठड्याचे तुकडे आहेत माझ्याकडे."

"ताई, ते साबणाचं मी..."

"साबणाचंच खोकं आहे हे," ती समोर बोट दाखवत म्हणाली. "ती फळी धर. डाव्या हातानं नको, उजव्या हातानं."

ताईनं लांब शिंगाचं नवं अंग करायला घेतलं, आणि मग तो रोज येऊ लागला. रंधा मारणं त्याला जमत नव्हतं, डावा हात लगेच बधिर व्हायचा. पण कुठे काय हवं ते तो सांगायचा आणि ताई करायची. कधी ती काही सांगायची आणि तो डोक्याला हात लावायचा. मानेच्या टोकाचं लाकूड जड होतं म्हणून ताईनं तिथला एक तुकडा करवतीनं उडवायचं ठरवलं, तेव्हा धाकट्यानं डोळे मिटून घेतले. "झालं?" त्यानं विचारलं. "केव्हाच," ताई म्हणाली. तुकडा बोटाएवढा होता.

नव्या अंगाची मागची बाजू पोटाशी नीट बसावी म्हणून ताईनं कच्ची फळी त्याच्या पोटाला लावली आणि पेन्सिलनं खूण करू लागली.

"पोट आत घे जरा."

"आता घेईन गं. पण कार्यक्रमात बाहेर येईल त्याचं काय?"

"मग लाकूडच आत घेते," ती म्हणाली, आणि त्या बाजूनं तिनं पटाशीनं आणि मग पॉलिश पेपरनं खोलगट वळण काढलं. फळी तर हलकी झालीच, वर अंगाला मांजरासारखी चिकटून बसली.

खालच्या कडेला एक गाठ होती. धाकट्याला ती दिसायला नको होती. ताईनं ती अंगठ्यानं दाबून पाहिली, घट्ट होती. "राहू दे," ती म्हणाली. "तिचा कुणाला त्रास नाही." पॉलिशचा एकच पातळ हात दिला. नखानंसुद्धा ओरखडा उठत होता. त्याला इलाज नव्हता, मऊ लाकूड ते मऊ लाकूडच.

रेडिओकाकांच्या दुकानात गिटार पहिल्यांदा लावली. धाकट्यानं पट्टा खांद्यावर घेतला, हात सोडला. गिटार आडवी होती तशीच राहिली. त्यानं खुंट्या पिळल्या. ताईचे डोळे ब्रिजवर. करकर नाही, काही नाही. मग तो वाजवू लागला, आणि थांबेचना. दुकानात रेडिओ न्यायला आलेली एक बाई आपला रेडिओ तसाच काउंटरवर ठेवून ऐकत उभी राहिली.

"कसा आहे आवाज?" काकांनी विचारलं.

धाकट्यानं विचार केला. "राणीसाहेबांचा आवाज लांब रेंगाळायचा. हिचा तसा नाही. ही पटकन बोलते आणि पटकन गप्प बसते." मग म्हणाला, "ताईसारखी."

"हात?" ताईनं विचारलं.

त्यानं डाव्या हाताची बोटं उघडझाप केली. "करंगळीला थोड्या मुंग्या आहेत. बाकी ठीक."

ऑर्केस्ट्राच्या प्रमुखांनी ती गिटार उचलून पाहिली, वाजवून घेतली, आणि खरं ते सांगितलं. नव्या वादकाला घेतलं आहे, त्याला काढता येणार नाही. अर्धा कार्यक्रम देतो, संथ गाण्यांचा. धाकट्याचा चेहरा उतरला. घरी येऊन तो दिवसभर तोंड पाडून बसला. संध्याकाळी भावजय म्हणाली, "डॉक्टरसुद्धा अर्धाच म्हणाले असते." सकाळी त्यानं प्रमुखांना होकार कळवला.

पहिल्या कार्यक्रमाला ताई गेली. इस्त्रीचे कपडे घालून, भावजयीशेजारी, तिसऱ्या रांगेत. धाकटा दिव्यांच्या उजेडात आला. काळ्या शर्टावर ती पिवळसर गिटार लांबूनही दिसत होती. त्यानं गाण्यामागून गाणं वाजवलं, उभ्यानं. एकदा तर तो दोन पावलं पुढे येऊन डोळे मिटून वाजवत राहिला, आणि भावजय पदरानं डोळे टिपू लागली. ताईनं तिच्या हातावर हात ठेवला, पण नजर हलवली नाही.

कार्यक्रम संपल्यावर धाकटा घामेजलेला, हसत खाली आला. "कसं वाटलं, ताई?"

"ब्रिज हलला नाही," ताई म्हणाली.

"अगं, गाणी कशी वाटली?"

"गाणी?" ती जरा ओशाळली. "गाण्यांकडे लक्षच नव्हतं रे. पुढच्या वेळी ऐकते."

पुढच्या वेळी तिनं ऐकली. एक संथ गाणं तिला आवडलंसुद्धा, पण शेवटी जरा डोळा लागला.

धाकट्याची मान पूर्ण बरी झाली नाही. थंडीत हात जड व्हायचा, काही आठवडे त्याला वाजवता यायचं नाही, मग पुन्हा यायचं. राणीसाहेब त्यानं त्या नव्या वादकाला वाजवायला दिल्या. "तुझे खांदे अजून कोरे आहेत," तो म्हणाला, "पण कोरेच राहतील असं समजू नकोस." पाईनच्या गिटारीवर खाचाखोचा पडत गेल्या, शर्टाच्या बटणांच्या, अंगठीच्या, एकदा माइकच्या दांड्याच्या. तो त्या बुजवत नसे.

त्याच ऑर्केस्ट्रात बेस गिटार वाजवणारी एक बाई होती. लहानखुरी, आणि वाद्य तिच्याहून मोठं. एका सकाळी ती पत्ता विचारत खोक्यांच्या कारखान्यात आली.

"माझ्यासाठी कराल का?" तिनं विचारलं. "बेसची मान फार लांब असते हो. ती आणखीच पडेल, नाही का?"

"पडेल," ताई म्हणाली. "शिंग आणखी लांब करावं लागेल. उभ्या राहा बघू. खांदा सरळ. श्वास रोखू नका."

आणि तिनं खिशातली पेन्सिल काढून कानावर खोचली, पोटमाळ्यावरून एक लांब फळी खाली घ्यायला गड्याला हाक मारली, आणि माप घ्यायला सुरुवात केली.